शिवणाऱ्या हाताची मजुरी कोण धरणार?

वाचकांचे प्रश्न : बुटीक आणि लहान फॅशन व्यवसाय

दिवाळी आटोपली, तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू. त्यामुळे या वेळी पत्रांचा गठ्ठा मोठा आहे. बरीचशी पत्रं नुकताच डिझाइनचा कोर्स संपवून धंद्यात उतरलेल्या मुलींची आहेत. हातात कसब आहे, इन्स्टाग्रामवर कौतुक होतंय, ऑर्डरीही येतायत, आणि महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीत शिवणकामाचं युनिट चालवताना अशा कितीतरी गुणी मुली दोन-तीन वर्षांत धंदा बंद करून घरी बसलेल्या पाहिल्यात. तेव्हा जीव तुटतो. म्हणून काही उत्तरं स्पष्ट लिहिली आहेत.

ताई, मी खणाचा योक (छाती-खांद्यावरचा जोड) लावलेले कॉटनचे कुर्ते करते आणि ९५० रुपयांना विकते. महिन्याला साधारण ४० पीस जातात. दर आठवड्याला नवं डिझाइन टाकते. कापड, शिलाई, पॅकिंग धरून ७१० रुपये खर्च येतो, म्हणजे पिसामागे २४० सुटतात. तरी गाळ्याचं भाडं द्यायला आईकडे पैसे मागावे लागतात. कुठे चुकतंय?
— एक वाचक, शाहूपुरी

तुम्ही सगळा हिशेब तपशिलात पाठवलात हे फार बरं केलंत. तोच इथे मांडते, म्हणजे इतरांनाही आपापला ताडून बघता येईल.

अडीच मीटर कॉटन १३० च्या भावाने ३२५. अर्धा मीटर खण १००. दीड मीटर अस्तर ६०. कारागिराची शिलाई १८०. दोरा, बटणं, लेबल २५. पॅकिंग २०. बेरीज ७१०, अगदी बरोबर. पण यात फक्त कुर्ता आला, धंदा आलाच नाही. गाळ्याचं भाडं ६,०००, मदतीला ठेवलेल्या मुलीचा पगार ७,०००, लाइट बिल आणि मोबाइल मिळून १,२००, हे तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय. झाले १४,२००. चाळीस पिसांवर वाटले तर पिसामागे ३५५. म्हणजे कुर्ता तुम्हाला १,०६५ ला पडतो आणि तुम्ही तो ९५० ला देता. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कुर्त्यात तुमची आई ११५ रुपये घालतेय.

आणि अजून तुमचे हात आपण धरलेलेच नाहीत. कटिंग तुम्ही करता. फोटो तुम्ही काढता, रात्री अकरा वाजता ‘प्राइस प्लीज’ला उत्तर तुम्ही देता, दोरे कापणं, इस्त्री, घडी, सगळं तुम्हीच. पिसाला अडीच तास सहज जातात. तासाला ८० रुपये धरले, आणि हा दर फार नाही, तर २०० झाले. खरा खर्च १,२६५. उद्या तुम्ही आजारी पडलात तर कटिंगला माणूस लावावा लागेल, तो फुकट येणार नाही. जे काम दुसऱ्याकडून करून घेताना पैसे मोजावे लागतील, ते स्वतः करतानाही खर्चात धरायचं. ही एकच गोष्ट माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण नव्वद टक्के हिशेब इथेच फसतो. घरात आपण राबतो ते कुणी मोजत नाही, तीच सवय आपण गाळ्यात घेऊन येतो.

आता उपाय. आहे त्याच कुर्त्याचा भाव एकदम ५०० ने वाढवलात तर जुनी गिऱ्हाइकं बिचकतील. ती डिझाइनं बंद करा आणि नवी नव्या भावाने आणा. दर आठवड्याला नवं डिझाइन हा हट्ट सोडा. महिन्याला दोन-तीनच घ्या, चार मापांत. एकच डिझाइन असलं की कापडाचे आठ-दहा थर लावून एकदम कटिंग करता येतं. मोठ्या मापाच्या पाठीशेजारी जी चिंचोळी जागा राहते तिथे लहान मापाची बाही बसते. असं नीट मांडलं तर पिसामागे पाव मीटर कापड वाचतं. पाव मीटर म्हणजे साधारण ३२ रुपये, चाळीस पिसांना १,३०० च्या आसपास. तुमचं लाइट आणि मोबाइल त्यातच निघालं. कारागिराचाही हात एकाच कामावर बसतो, तो दिवसाला जास्त पीस काढतो, त्याचीही कमाई वाढते. अशाने महिन्याला ६० पीस गेले तर वरखर्च पिसामागे ३५५ वरून २३७ वर येईल, आणि तुमची मजुरी धरूनही कुर्ता १,११५ च्या आसपास पडेल. मग १,३५० भाव लावा. दुरुस्तीला परत येणारे आणि डाग लागलेले पीस सोसूनही काही शिल्लक राहील.

धंद्याचं खातं वेगळं काढा आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्यातून स्वतःला पगार द्या. सुरुवातीला पाच हजार का असेना, पण द्या.

मी कागल तालुक्यातल्या गावात ब्लाऊज आणि नऊवारी शिवते. आरी वर्कचं भरतकामही करते. बायका म्हणतात, ऊसबिल आल्यावर देतो. नाही म्हणायला जड जातं, सगळी ओळखीचीच माणसं.
— एक वाचक भगिनी

नाही म्हणू नका, पण उधारी कशाची ठेवायची ते तुम्ही ठरवा. अस्तर, हुक, मणी, जरीचा दोरा, आणि आरीला दुसरी मुलगी बसवत असाल तर तिची मजुरी, एवढे पैसे कापड टाकतानाच घ्यायचे. राहिली फक्त तुमची मजुरी. ती ऊसबिलापर्यंत थांबली तरी तुमच्या खिशातून काही जात नाही. पावतीवर गिऱ्हाइकाच्या कापडाचा छोटा तुकडा टाचणीने लावून ठेवा, मापं आणि ट्रायलची तारीख लिहा, आणि बाकी रक्कम ठळक लिहून तिची सही घ्या. ओळखीत सही घ्यायला संकोच वाटतो, पण पुढे वाद होत नाहीत आणि ओळख टिकते.

ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) द्यायची असा नियम असला तरी बिलं पुढे-मागे होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा गळीत हंगाम सुरू होऊन पहिली बिलं पडेपर्यंत अस्तराचा, मण्यांचा मोठा साठा भरून ठेवू नका.

नमस्कार मॅडम. आमचे इचलकरंजीत माग आहेत. वडील ग्रे (मागावरून उतरलेलं, प्रोसेस न केलेलं) कापड काढून व्यापाऱ्याला देतात. मला आमच्याच कापडाचे शर्ट करून स्वतःच्या नावाने विकायचे आहेत. कापड घरचं असल्यामुळे स्वस्तात बसेल. सुरुवात कशी करू?
— एक वाचक, इचलकरंजी

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. मागावरचं पोरगं कापडाच्या पुढे जाऊन शर्टापर्यंत पोचायचं म्हणतंय, हे व्हायलाच पाहिजे.

पण ‘घरचं म्हणून स्वस्त’ हे डोक्यातून काढा. व्यापारी तुमच्या वडिलांना मीटरला जो भाव देतो, तोच भाव तुमच्या शर्टाच्या वहीत कापडाचा खर्च म्हणून लिहा आणि तेवढे पैसे वडिलांना द्या. नाहीतर शर्टात फायदा दिसेल, तो खरा वडिलांच्या मागाचा असेल, आणि शर्टाचा धंदा चालतोय की नाही हे कधीच कळणार नाही.

दुसरं म्हणजे ग्रे कापडाचा शर्ट होत नाही. ताण्याला (उभ्या धाग्यांना) सायझिंगची खळ असते, ती काढून ब्लीचिंग, रंगाई, फिनिशिंग करावं लागतं. प्रोसेसवाले थोडं कापड घेत नाहीत, त्यांचा कमीत कमी लॉट किती ते आधी विचारा आणि मगच किती मीटर वळवायचं ते ठरवा. बीमवरचं (ताण्याच्या रुळावरचं) सगळं कापड शर्टांत घालू नका.

प्रोसेस होऊन आलं की कात्री लावायच्या आधी आटतं किती ते बघा. कापडाच्या मधल्या भागातून, काठापासून लांब, ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, खुणा न पुसणाऱ्या पेनने करा. घरी धुतो तसा धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि उभा-आडवा दोन्ही मोजा. उभा ४७ भरला तर आटण ६ टक्के. म्हणजे ३० इंची शर्ट पहिल्या धुण्यात जवळजवळ पावणेदोन इंचांनी आखूड होणार. एवढं आटत असेल तर प्रोसेसवाल्याला प्री-श्रिंक करून द्यायला सांगा, नाहीतर पॅटर्नमध्ये तेवढी वाढ धरा. गडद रंग असेल तर पांढरा ओला रुमाल त्यावर जोरात घासून बघा. रुमालाला रंग लागला तर तो लॉट परत करा. पहिल्या पन्नास गिऱ्हाइकांपैकी दहा जणांचे शर्ट आटले किंवा रंग सुटला तर तुमचं नाव तिथेच संपेल.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या ठोक बाजारातल्या शर्टाशी भावात भांडायला जाऊ नका, तिथे तुमचा टिकाव लागणार नाही. तुमच्याकडे जे त्यांच्याकडे नाही, ते म्हणजे मागावर चौकडा बदलायची सोय. वडिलांना बरोबर घेऊन स्वतःचे दोन-तीन चौकडे बसवा आणि लेबलवर ‘इचलकरंजी’ मोठ्या अक्षरांत छापा. मापांत ४० आणि ४२ जास्त काढा, ३६ आणि ४६ दोन-दोनच. शेवटी कपाटात पडून राहतात ती टोकाचीच मापं.

मशिनसाठी जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची (पंतप्रधान रोजगारनिर्मिती योजनेची) चौकशी करा. एक लक्षात ठेवा, त्यातलं अनुदान हातात रोख येत नाही, ते बँकेत तुमच्या कर्जापोटी तीन वर्षं ठेव म्हणून अडकलेलं असतं. हप्ता झेपतो का, ते अनुदान बाजूला ठेवूनच बघा. थोडक्या रकमेत भागत असेल तर ५० हजारांपर्यंतचं मुद्राचं शिशु कर्ज तारणाशिवाय मिळतं.

घरी शिवते, काम भरपूर आहे. महाद्वार रोडला वरच्या मजल्यावर आणि शाहूपुरीत तळमजल्यावर असे दोन गाळे मिळतायत. भाडं जवळपास सारखंच. कोणता घेऊ?
— एक वाचक, मंगळवार पेठ

तुमचं काम मापाचं आहे हे धरून सांगते. महाद्वार रोडवर गर्दी रोजच असते, पण त्यातले पुष्कळ लोक अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावाहून आलेले. त्यांना हातात घेऊन जायची वस्तू लागते, ट्रायलला ते परत येत नाहीत. मापाच्या गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा, बसायला खुर्ची आणि आडोसा असलेली ट्रायल रूम पाहिजे. जिना चढून वर येणाऱ्या बाईच्या पायांचाही विचार करा. रेडिमेड ठेवणार असाल तर मात्र महाद्वारला तोड नाही.

शाहूपुरीचा गाळा कुठल्या गल्लीत आहे ते तुम्ही लिहिलं नाही, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर पाण्यात होते. शेजारच्या दुकानदाराला विचारा, ‘पाणी कुठवर आलं होतं?’ ते हात करून दाखवतील. तिथे तळमजल्यावर मशिन आणि गिऱ्हाइकांची लग्नातली कापडं ठेवायची असतील तर विम्यात पुराचा समावेश आहे का ते पॉलिसीत वाचून घ्या, आणि जून लागला की कापड वरच्या फळ्यांवर चढवा. गिऱ्हाइकाचा शालू भिजला तर पैसे देऊनही तो परत आणता येत नाही.

लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच पाहिजे, महाराष्ट्रात तसा कायदाच आहे. लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी गाळा न सोडायची अट, किती महिन्यांचा हे नीट बघा.

खरं तर मला तिसरा पर्याय जास्त पटतो. आणखी वर्षभर घरीच राहा आणि गाळ्याचं जे भाडं द्यायचं होतं ते दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. घरची खोली तुम्ही वापरताय तिचंही भाडं असतंच. वर्षभर ते बाजूला काढणं जमलं, तर गाळा झेपेल हे नक्की समजा, आणि डिपॉझिटही हाताशी असेल.

मी खणाच्या पट्ट्यांचं जॅकेट केलं. इन्स्टावर टाकलं आणि महिन्याभरात दुसऱ्या एका बुटीकने हुबेहूब तेच काढलं. डिझाइन रजिस्टर करता येतं का?
— एक वाचक, ताराबाई पार्क

येतं, पण या जॅकेटला आता उशीर झालाय. डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली नोंदणी होते, ती १० वर्षं चालते आणि पुढे ५ वर्षं वाढवता येते. अट अशी की अर्ज करताना डिझाइन नवीन पाहिजे, आधी कुठे प्रसिद्ध झालेलं नसावं. तुम्ही ते इन्स्टावर टाकलंत त्याच दिवशी ते प्रसिद्ध झालं. पुढच्या वेळी जे डिझाइन वर्षानुवर्षं चालेल असं वाटतं, त्याचा अर्ज आधी आणि फोटो नंतर. कॉपीराइटवर भिस्त ठेवू नका. नोंदणी होऊ शकणारं पण न केलेलं डिझाइन यंत्राने ५० पेक्षा जास्त वेळा काढलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो.

खण स्वतः मात्र तुमचा नाही, माझाही नाही. तो कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या विणकरांचा आहे. आपल्या कोल्हापुरी चपलेचं घ्या. २०१९ मध्ये तिला महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांच्या नावे भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या, तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो, आणि शेवटी त्यांना मूळ कुठलं ते मान्य करावं लागलं. मग तुमच्या जॅकेटच्या टॅगवर ‘गुळेदगुड्ड खण’ लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पैसे घालायचेच असतील तर ब्रँडच्या नावात घाला. कपड्यांसाठी ट्रेडमार्कचा वर्ग २५, आणि एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये. डिझाइन दर हंगामात बदलतं, नाव तेच राहतं.

पुण्याच्या एका स्टोअरने १ लाख २० हजारांचे ड्रेस नेले. पाच महिने झाले, ‘विकले की देतो’ एवढंच ऐकतेय. काय करू?
— एक वाचक, जयसिंगपूर

पहिल्यांदा एक ठरवा, माल त्यांनी विकत घेतला की विक्रीसाठी ठेवून घेतला? चलनावर किंवा व्हॉट्सॲपवर काय लिहिलंय ते शोधा. विक्रीसाठी ठेवला असेल तर उरलेला माल उद्याच्या उद्या परत मागवा आणि विकलेल्याचा हिशेब लेखी मागा. विकत घेतला असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. शिवाय २०२४ पासून असे थकवलेले पैसे खरेदीदाराला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. त्यांच्या अकाउंटंटला हे एका पत्राने कळवा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

याचा लाभ घ्यायला सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी लागते. ती सरकारी पोर्टलवर आधारवरून पूर्ण मोफत होते. हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटांकडे जाऊ नका. पुढचा माल पाठवायच्या आधी नोंदणी करून बिलावर तो नंबर छापा, आणि नवीन दुकानाला पहिला माल निम्म्या ॲडव्हान्सशिवाय देऊ नका. पाच महिने तुम्ही त्यांना बिनव्याजी कर्ज दिलंय, तेही कारागिरांची मजुरी स्वतः भरून.

माझी विक्री वर्षाला ८-९ लाख. ४० लाखांच्या आत जीएसटी लागत नाही असं भाऊ म्हणतो. निपाणी आणि बेळगावलाही कुरिअरने ड्रेस जातात. काही अडचण?
— एक वाचक, उजळाईवाडी

अडचण निपाणीचीच आहे. आपल्याला ती शेजारी वाटते, लेकी-सुना इकडे-तिकडे दिलेल्या, पण जीएसटीच्या लेखी ते दुसरं राज्य. ४० लाखांची सूट राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आहे. तयार ड्रेस राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. गिऱ्हाइकाचंच कापड घेऊन शिवून देणं ही सेवा धरतात, तिची मर्यादा २० लाख. तुम्ही दोन्ही करत असाल तर २० लाखच धरा. कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची) सोपी वाटेल, पण त्यात राज्याबाहेर माल पाठवता येत नाही, म्हणून ती तुमच्या कामाची नाही.

नोंदणी झाली की भावही पुन्हा बघावे लागतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के कर आहे. तुमचा २,६०० चा ड्रेस गिऱ्हाइकाला ४६८ रुपये कर धरून ३,०६८ ला पडेल, आणि २,५०० चा २,६२५ ला. मधल्या शंभर रुपयांसाठी गिऱ्हाईक घालवू नका. एकतर भाव अडीच हजारांत बसवा, नाहीतर कामच असं करा की साडेतीन हजार मागता येतील. कापडावर तुम्ही भरलेला कर वजा मिळतो, म्हणून गांधीनगरला कापड घेताना इथून पुढे पक्कं बिलच मागा.

याच महिन्यात सीएकडे जा. जाताना वर्षभराच्या कुरिअरच्या पावत्या तारखेनुसार लावून न्या, म्हणजे राज्याबाहेर किती माल गेला ते त्यांना लगेच दिसेल.